बोटीतील संडासाची दुर्गंधी : अत्तर नव्हे, हवा आणि नळी तपासा

भाईंदर-वसई रो-रो फेरी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. उत्तनच्या मच्छीमार बोटी तर पूर्वापार आहेत. बोटीत संडास आणि मैल्याची टाकी बसवली की दुर्गंधीची तक्रार हमखास येते. मिरा-भाईंदरमधील आपल्या प्लंबर व फिटर बांधवांनी हे काम शिकून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

दुर्गंधीची कारणे मुख्यतः तीन.

पहिले, खारे पाणी. समुद्राच्या पाण्याने फ्लश केल्यावर ते नळीत साचते, त्यातील सूक्ष्म जीव मरून कुजतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. बोट बांधून ठेवण्यापूर्वी गोड्या पाण्याने नळी धुऊन काढावी.

दुसरे, हवेचा अभाव. टाकीत हवा खेळती असेल तर वास न करणारे जीवाणू वाढतात. हवा कोंडली की हायड्रोजन सल्फाईड तयार होतो. म्हणून हवेची नळी रुंद, आखूड आणि शक्य तितकी सरळ ठेवावी. तिचे तोंड मीठ वा कचऱ्याने बुजले नाही ना, हे वरचेवर पाहावे.

तिसरे, नळी. साधी लवचीक नळी कालांतराने वास झिरपू देते. गरम पाण्यात पिळलेले फडके नळीवर गुंडाळावे आणि थंड झाल्यावर हुंगावे. फडक्याला वास आला तर नळी बदलावी. जिथे जमेल तिथे कडक पीव्हीसी पाईप वापरावा व मैला साचेल असा खोलगट भाग ठेवू नये.

फिनेल वा ब्लीचिंग ओतून वास तात्पुरता दबतो, पण उपयोगी जीवाणू मरतात आणि रबरी व्हॉल्व्ह खराब होतात.

आपल्याकडे तहारतीसाठी पाणी वापरले जाते. कागदाच्या हिशेबाने आखलेली परदेशी टाकी त्यामुळे लवकर भरते. गिऱ्हाईकाला हे आधीच सांगून टाकी मोठी सुचवावी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हा वायू जास्त झाला की नाकाला वास येणेच बंद होते आणि माणूस क्षणात कोसळतो. टाकीत स्वतः उतरू नये, कामगारालाही उतरवू नये. मैला पंपानेच उपसावा. सुरक्षा साधनांविना माणसाला गटारात वा मैल्याच्या टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मजुरी पुन्हा मिळेल, जीव मिळणार नाही.