अहवाल गल्ल्यात, शंका बाजारात



समजा, आपण एका दुकानातून सोयाबीनचे बियाणे घेतले. माल विकायला काढण्यापूर्वी दुकानदाराने ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवून उगवण पाहिली होती. निदान सत्तर दाणे उगवायला हवेत; उगवले चाळीस. त्याने ते कागदावर टिपले, कागद गल्ल्यात टाकला आणि पिशव्या विकल्या. पेरा फसल्यावर आपण जाब विचारायला गेलात, तर तो म्हणतो, “अहो, उगवण कशामुळे गेली हे कोण सांगणार? जमीन, पाऊस, पेरणीची खोली. तज्ज्ञांतसुद्धा एकमत नाही!” त्याचे बोलणे वरवर पटेलही. पण गल्ल्यातला तो कागद आपल्या हाती लागला, तर आपण काय म्हणाल?

असेच कागद अमेरिकेतील एका बलाढ्य तेल कंपनीच्या दप्तरात जवळजवळ चाळीस वर्षे पडून होते. ते उजेडात कसे आले, ही हकिगत आपल्याला ठाऊक असायला हवी. कारण त्यांत शेतीचे भविष्यही लिहिलेले होते.

कंपनीला काय ठाऊक होते?

कोळसा, पेट्रोल, डिझेल जळले की कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. हा वायू पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, गोधडीसारखी धरून ठेवतो. जुलै १९७७ मध्ये एक्सॉन कंपनीचे शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी हीच गोष्ट कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना समजावून सांगितली. पुढच्या वर्षी त्यांनी ती लिहूनही दिली. हवेतील हा वायू दुप्पट झाला, तर पृथ्वीचे सरासरी तापमान दोन ते तीन अंश सेल्सियसने वाढेल. काही देशांचा फायदा होईल, पण काहींची शेती घटेल वा उद्ध्वस्त होईल, असे त्यांनी बजावले. इंधनाविषयी कठोर निर्णय घेण्यास पाच ते दहा वर्षांचा अवधी आहे, असेही त्यांत होते.

कंपनीने प्रारंभी ही बाब मनावर घेतली, हे मान्य केले पाहिजे. १९७९ मध्ये ‘एस्सो अटलांटिक’ या तिच्या महाकाय तेलवाहू जहाजावर उपकरणे बसवून समुद्रातील आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजण्यास सुरुवात झाली. हे काम १९८२ पर्यंत चालले. पुढे मात्र या संशोधनावरचा हात आखडला गेला.

शंकेची पेरणी

जून १९८८ मध्ये शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकेच्या सिनेटपुढे साक्ष देऊन, तापमानवाढ सुरू झाली आहे, असे सांगितले. इंधनाचा वापर कमी करण्याची चर्चा जोर धरू लागली. पुढच्याच वर्षी तेल, कोळसा, मोटार आदी उद्योगांनी ‘ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन’ नावाची संघटना काढली. एक्सॉन तिच्यात होती. हवामानशास्त्र अजून कच्चे आहे, घाई नको, हा तिचा प्रचार. गंमत अशी की, १९९५ मध्ये याच संघटनेच्या तांत्रिक सल्लागारांनी आतल्या मसुद्यात लिहिले होते की, या वायूंच्या परिणामामागचे मूलभूत शास्त्र नाकारता येत नाही.

ऑक्टोबर १९९७ मध्ये एक्सॉनचे प्रमुख ली रेमंड यांनी बीजिंगमध्ये भाषण करून, पृथ्वी वीस वर्षांपूर्वीपेक्षा आज थंड आहे, असे सांगितले. विकसनशील देशांनी इंधनावर बंधने घालण्याच्या फंदात पडू नये, असा त्यांचा सूर होता. म्हणजे हा उपदेश आपल्यासारख्यांसाठीही होता! १९९८ मध्ये अमेरिकेतील पेट्रोलियम संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेला एक आराखडा वृत्तपत्रांच्या हाती लागला. सामान्य माणसाच्या मनात हवामानशास्त्राविषयी अनिश्चितता रुजली की आपण जिंकलो, असा त्याचा आशय होता.

कागद कसे सापडले?

‘इनसाइड क्लायमेट न्यूज’ या लहानशा वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी आठ महिने खपून शेकडो पाने जुने कागद चाळले, कंपनीतील माजी नोकरांना भेटले आणि सप्टेंबर २०१५ पासून लेखमाला छापली. त्याच सुमारास कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारांनी टेक्सास आणि कॅनडातील संग्रहालयांतले कागद तपासले. ते ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये आले. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७७ ते २००३ या काळात केलेल्या तापमानाच्या अंदाजांपैकी ६३ ते ८३ टक्के अंदाज पुढे अचूक ठरले. आपल्या तालुक्याच्या पावसाचा अंदाजही एवढा जुळला, तर आपण अंदाज सांगणाऱ्याला हार घालू!

आमचे कागद निवडून, संदर्भ सोडून वापरले, असे कंपनीचे म्हणणे आहे. डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात गुंतवणूकदारांच्या फसवणुकीचा आरोपही सिद्ध झाला नाही. मात्र न्यायाधीशांनी निकालातच लिहिले की, हवामानबदलाच्या जबाबदारीतून हा निकाल कंपनीला मुक्त करीत नाही.

आपण काय घ्यावे?

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपल्यातील कित्येकांनी सोसली. अशा एकेका गारपिटीचा दोष एका कंपनीच्या माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही. पण १९५८ मध्ये हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ३१५ भाग होते, ते २०२४ मध्ये ४२० च्या वर गेले. ब्लॅक यांनी सांगितलेली पाच-दहा वर्षे केव्हाच सरली. गेलेला हंगाम परत येत नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

म्हणून मोबाईलवर वा चावडीवर कोणी “हवा बदलते हे सारे थोतांड आहे” म्हणाले, किंवा एखादे औषध निर्धोक असल्याची ग्वाही दिली, तर तीन प्रश्न विचारा. सांगणाऱ्याचे पोट कशावर चालते? त्याने स्वतः काही तपासले असेल, तर तो कागद कुठे आहे? आणि त्याची शंका ‘किती’बद्दल आहे की ‘आहे की नाही’बद्दल? पाऊस दोन इंच पडेल की तीन, यावर मतभेद असू शकतात. म्हणून खळ्यावरचे धान्य कोणी उघडे ठेवत नाही.

बियाण्याची पिशवी फोडताना आपण तिचे लेबल जपून ठेवतो. ऐकलेल्या शब्दाचेही लेबल पाहण्याची सवय लावून घ्या.