संगणकातला टिल्लू पंप

उन्हाळ्यात नळाला पाणी आले की गल्लीतल्या एखाद्या घरी टिल्लू पंप सुरू होतो आणि शेजारच्या नळाची धार करंगळीएवढी होते. नागपूरकरांना हे वेगळे सांगायला नको. संगणकातही असेच घडते. ब्राऊझरमध्ये वीस-पंचवीस पाने उघडी असतात, मागे अँटिव्हायरसची तपासणी सुरू असते आणि नेमके तेव्हाच वीजबिल भरायचे असते. माऊसचा बाण अडकतो आणि आपण म्हणतो, ‘कॉम्प्युटर हँग झाला!’ अनेकदा यंत्र बिघडलेले नसते. एखाद्या प्रोग्रॅमने इतरांचा वाटा ओढून घेतलेला असतो.

संगणकावर चालू असलेल्या प्रोग्रॅमला ‘प्रोसेस’ म्हणतात. साध्या लॅपटॉपवरही एका वेळी शंभराहून अधिक प्रोसेस चालू असतात. प्रत्येकीला प्रोसेसरचा वेळ, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क लागते. ही वाटणी ऑपरेटिंग सिस्टिम करते.

वाटणीचा जुना मार्ग म्हणजे प्राधान्य ठरवणे. युनिक्स प्रणालीत १९७० च्या दशकापासून ‘नाइस’ नावाची सोय आहे. लिनक्समध्ये हा आकडा उणे २० ते १९ असतो. आकडा जितका मोठा, तितकी ती प्रोसेस ‘सज्जन’, म्हणजे इतरांना पुढे जाऊ देणारी. सामान्य वापरकर्ता स्वतःच्या कामाची सज्जनता वाढवू शकतो. कमी करण्यासाठी मात्र विशेष अधिकार लागतात. पण प्राधान्य म्हणजे मर्यादा नव्हे. शिवाय एका प्रोग्रॅमने शंभर प्रोसेस सुरू केल्या, तर तो रांगेत शंभर जागा अडवतो.

यावर उपाय म्हणून गुगलचे अभियंते पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये काम सुरू केले. त्यातून आलेली ‘कंट्रोल ग्रुप’ ही व्यवस्था जानेवारी २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२४ आवृत्तीत दाखल झाली. तिच्यामुळे अनेक प्रोसेसचा एक गट करून त्या गटाला मिळून एकच मर्यादा घालता येते. समजा, एका गटाला दर १०० मिलिसेकंदांत ५० मिलिसेकंद प्रोसेसर मिळेल, असे ठरवले. हा वाटा संपला की पुढची फेरी येईपर्यंत त्या गटाने थांबायचे. काम हळू होते, पण बंद पडत नाही.

मेमरीचे गणित वेगळे आहे. वेळेसाठी थांबता येते. जागाच नसेल तर थांबून भागत नाही. मर्यादा गाठली की प्रणाली आधी मोकळी करता येईल तेवढी मेमरी परत घेते. तरीही भागले नाही, तर गटातली एखादी प्रोसेस सरळ बंद करते. एकाला बंद केल्याने बाकीची कामे वाचतात.

ही काटेकोर वाटणी किती महत्त्वाची, हे मे महिन्यात कळते. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र विदर्भासाठी उष्णतेच्या लाटेचे इशारे देते. बांधकामावरच्या मजुरांची कामाची वेळ, रुग्णालयांची तयारी असे बरेच काही त्यावर अवलंबून असते. या अंदाजामागे महासंगणकांची आकडेमोड असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील ‘अर्का’ची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ हजार ७७० लाख कोटी आकडेमोडी, इतकी आहे. सहा किलोमीटरच्या चौकटीपर्यंत अंदाज देणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५ मध्ये सुरू झाली.

एवढी ताकद असली तरी ती अमर्याद नसते. अशा महासंगणकांवर संशोधकांचीही कामे चालतात. म्हणून प्रत्येक कामासाठी किती प्रोसेसर, किती मेमरी आणि किती तास लागणार, हे आधी सांगावे लागते. मुदत संपली की काम अर्धवट असले तरी थांबवले जाते. रोजच्या अंदाजाला अग्रक्रम असतो, कारण दुपारचा इशारा संध्याकाळी मिळून उपयोग नाही.

हातातल्या फोनमध्येही हीच व्यवस्था आहे. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच आहे आणि पडद्याआड गेलेल्या ॲपना तो कमी वाटा देतो.

घरच्या संगणकासाठी काय करता येईल? विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यातल्या ‘मेमरी’ या शीर्षकावर क्लिक केले की सर्वाधिक मेमरी घेणारा प्रोग्रॅम वर येतो. नाव ओळखीचे नसेल, तर तो बंद करण्याची घाई करू नये. अँड्रॉइडच्या अनेक फोनमध्ये प्रत्येक ॲपच्या बॅटरी पर्यायात त्याच्या मागच्या हालचालींवर बंधन घालता येते. मात्र औषधाची आठवण देणाऱ्या किंवा रक्तातील साखरेवर लक्ष ठेवणाऱ्या ॲपवर असे बंधन घालू नये. सूचना उशिरा येऊ शकते. लगाम कोणाला घालायचा आणि कोणाला मोकळे सोडायचे, हे ठरवणे शेवटी आपल्याच हाती आहे.