मॉरिशसचे घड्याळ आणि उसाचे घड्याळ

परवा गट ऑफिसात एक सभासद आम्हांस म्हणाले, "साहेब, पोरगं मॉरिशसला नोकरीला हाय. सकाळी सहाला फोन लावला की झोपेतच बोलतंय. तिथं वाजतात तरी किती?" आम्ही सांगितले, "साडेचार. झोपू द्या त्याला, पाणी पाजून आल्यावर फोन लावा."

हिशेब सोपा आहे. एक अंश फिरायला पृथ्वीला चार मिनिटे लागतात. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची, मॉरिशसची साठ अंशांवरची. मधल्या साडेबावीस अंशांची झाली नव्वद मिनिटे. पण हे झाले सरकारी घड्याळ. आपले कोल्हापूर चौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास आहे, म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो साधारण साडेबाराला. प्रत्यक्ष सूर्याने पाहिले तर दोन्हींकडचा फरक तासाहून थोडाच जास्त भरतो. २००८ च्या ऑक्टोबरात मॉरिशसने घड्याळे तासभर पुढे केली, पण मार्च २००९ मध्ये ती मागे घेतली आणि पुन्हा तो प्रयोग केला नाही. ऊस काही त्यामुळे तासभर आधी पिकला नाही!

ते बेट आपल्याला परके नव्हे. १८३४ पासून हिंदुस्थानातून जवळपास पाच लाख मजूर कराराने तिकडे गेले, ते मुख्यतः उसाच्या मळ्यांसाठी. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणपट्टीतली मराठी माणसेही होती. त्यांनी मराठी आणि गणपती दोन्ही जपले. गणेश चतुर्थीला तिथे आजही सरकारी सुट्टी असते.

पण त्या दिवशी दोन्हींकडचे फड पाहा. आपला ऊस पावसात वाढत असतो आणि तिकडे गाळप ऐन भरात असते. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने त्यांची थंडी जून ते सप्टेंबर. त्यांचा हंगाम साधारण जूनला सुरू होऊन वर्षअखेरीस संपतो, तेव्हा आपल्या गव्हाणीत मोळ्या पडू लागलेल्या असतात. घड्याळात फरक दीड तासाचा, हंगामात मात्र जवळजवळ अर्ध्या वर्षाचा. नियम एकच: कोरड्या थंडीत उसात साखर भरते. म्हणून "शेजाऱ्याची तोड आली, माझीही द्या" असे म्हणून कोवळा ऊस तोडायला लावू नका. त्यात उतारा सर्वांचाच जातो.

उसाचे दुसरे घड्याळ कोयत्याचा घाव बसताच सुरू होते. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, साखर उतरते. हे मॉरिशसला तसेच आपल्याकडे. गेल्या हंगामात एका सभासदांचा तोडलेला ऊस गाडीअभावी दोन दिवस फडात पडून राहिला. काट्यावर वजन पाहून ते आम्हांस काही बोलले नाहीत, नुसते पावतीकडे बघत राहिले. चूक आमच्या खात्याची होती, ती आम्ही लपवत नाही.

तेव्हा यंदा एवढे करू. तोड कधी सुरू झाली ती तारीख आणि वेळ चिटबॉयकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. चोवीस तासांत ऊस काट्यावर आला नाही तर चिठ्ठी घेऊन थेट आमच्याकडे या. किती वाजलेत ते बघत बसू नका.