भाजत नाही, तरी भाजतं

परदेशातून ठाण्यात राहायला आलेल्या माणसाला कुणी ना कुणी लवकरच मामलेदारकडे नेतंच. तहसीलदार कचेरीलगतचं मुर्डेश्वर कुटुंबाचं हे मिसळीचं दुकान १९४६ पासूनचं. तिखट, मीडियम की लेस, हे ऑर्डर देतानाच सांगायचं. नवखा माणूस यजमानाचा मान राखायला 'मीडियम' म्हणतो. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला कान लाल होतात, कपाळावर घाम फुटतो, नाक वाहायला लागतं आणि हात पाण्याच्या ग्लासाकडे जातो.

पाण्याचा उपयोग शून्य. कारण तिखट ही मुळात चवच नाही!

गोड, आंबट, खारट, कडू ओळखणारी जिभेवरची यंत्रणा इथे कामाला येतच नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन जाऊन चिकटतं ते मज्जातंतूंच्या टोकांवरच्या टीआरपीव्ही१ नावाच्या प्रथिनाला. पोळलं की वर्दी देणं हे त्याचं काम. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरचं काही लागलं की ते जागं होतं. कॅप्सायसिन त्याला एरवीच उठवतं, मेंदूला खोटी वर्दी जाते आणि मेंदू बिचारा अंग थंड करायला घाम काढत सुटतो. तोंडात मात्र काहीही भाजलेलं नसतं. हे प्रथिन डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधलं, आणि २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले.

त्याहून अजब गोष्ट पक्ष्यांची. त्यांच्या अंगातलं हेच प्रथिन कॅप्सायसिनला दाद देत नाही. पोपट मिरच्या मजेत खातो! सस्तन प्राणी मिरचीचं बी दाढेखाली भरडतात, पक्षी ते अख्खं गिळून लांब नेऊन टाकतात. म्हणजे हा सगळा बंदोबस्त आपल्यासारख्यांना लांब ठेवायला, आणि आपण पैसे मोजून रांगेत उभे. शिवाय मिरची तरी कुठे इथली? अमेरिका खंडातून निघून पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या किनाऱ्याला लागली. ठाणंही १७३७ पर्यंत त्यांच्याच ताब्यात होतं.

आता वाटीत बघा. वर तरंगते ती लाल तर्री, म्हणजे तेल. कॅप्सायसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच. म्हणून सगळा जाळ त्या तर्रीत, आणि तेच तेल जिभेला लेप देऊन बसतं. पाणी त्यावरून नुसतं वाहून जातं. ताकातलं केसीन हे प्रथिन मात्र कॅप्सायसिनला धरून जिभेवरून सोडवतं. मिसळीवर लगेच गरम कटिंग मागवणारे शूरच म्हणायचे, कारण वर्दी देणारं प्रथिन आधीच चाळवलेलं असतं आणि त्यात चहाची खरी उष्णता येऊन पडते.

कल्याणला खिडकी वडा खायला गेलात, तर पावासोबतच्या हिरव्या मिरचीचंही असंच. जाळ बियांत असतो हा गैरसमज. तो असतो बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गाभ्यात, आणि गाभा जास्त देठाकडे. जाणते लोक मिरची टोकाकडून कुरतडतात ते उगाच नव्हे.

आणखी एक. भराभर घास घेत राहिलं तर आग चढत जाते. पण काही मिनिटं थांबलं की ते मज्जातंतू बधिरतात आणि पुढचा घास सौम्य लागतो. गप्पा मारत, मध्ये थांबत, पुन्हा रस्सा मागवून खाणाऱ्याला जे सहज जमतं, त्यामागे हेच आहे. नियमित खाणाऱ्यांची जीभ तर निर्ढावतेच, आणि ते नवख्यालाही जमतं.

तेव्हा पाहुण्याला नेणार असाल, तर पहिल्या खेपेला 'लेस'च सांगा, ताकाची सोय आधीच करून ठेवा आणि त्याने पाणी मागितलं तर पाव पुढे करा.