दाव्याच्या पहिल्या पानावर नसलेलं नाव

तालुक्याच्या न्यायालयातला कोणताही वाटपाचा दावा घ्या आणि त्याचं नुसतं पहिलं पान वाचा. वर न्यायालयाचं नाव, मग वादी, मग प्रतिवादी. प्रत्येकाचं वय, धंदा, राहणार अमुक गाव. पुढची वंशावळ, गटनंबर, चतुःसीमा हे सगळं दोन-दोनदा तपासलं जातं. नावांच्या यादीकडे मात्र कोणी थांबून पाहत नाही. भांडण भावाशी आहे, भावाचं नाव आलं, झालं. आणि नेमकं तिथेच, चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणीचं नाव राहून जातं. कधी विसरल्यामुळे, कधी ‘ती कुठे काय मागतेय’ म्हणून, आणि कधी तिला कळूच नये म्हणून.

या राहून गेलेल्या नावाची किंमत किती असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या एका जुन्या निकालातून दिसतं. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी तो लिहिला होता. त्या प्रकरणात गोष्ट उलटी होती, भाऊ राहिले होते. म्हैसूरकडच्या एका बाईने आईच्या मिळकतीवर एकटी वारस म्हणून हक्क सांगितला होता. मिळकत आईचीच होती, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. म्हणजे मुख्य वादात ती जिंकली. पण तिथल्या कायद्याप्रमाणे तिच्याबरोबर तिचे भाऊही वारस होते आणि त्यांना तिने दाव्यात घेतलंच नव्हतं. ही हरकत समोरच्यांनी आधीच घेतली होती, तरी दुरुस्ती झाली नव्हती. अपिलाच्या शेवटच्या पायरीवर भावांना सामील करायची परवानगी मिळाली नाही आणि दावा गेला. असा शेवट व्हावा हे दुर्दैवी आहे, असं न्यायालयाने निकालातच नमूद केलं. खालपासून वरपर्यंतची इतक्या वर्षांची लढाई दोन नावांपायी वाया गेली.

असं का व्हावं? दिवाणी निकाल हा सामान्यतः ज्यांना बाजू मांडायची संधी मिळाली त्यांनाच, आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांना, बांधतो. पाच वारसांपैकी चौघांसमोर वाटणी केली, तर पाचव्याचा हिस्सा न्यायालय कोणाच्या पदरात घालणार? म्हणून १९०८ची दिवाणी प्रक्रिया संहिता दोन प्रकारची माणसं वेगळी ओळखते. ज्याच्याशिवाय परिणामकारक हुकूमनामा होऊच शकत नाही, तो आवश्यक पक्षकार. ज्याच्याशिवाय हुकूमनामा होऊ शकतो, पण जो समोर असला तर वादाचा पुरता निकाल लागतो, तो योग्य पक्षकार. योग्य पक्षकार राहिला म्हणून दावा पडत नाही. आवश्यक पक्षकार राहिला तर पडतो. वाटपाच्या दाव्यात प्रत्येक हिस्सेदार आवश्यक असतो, मग त्याच्याशी भांडण असो वा नसो.

बहिणींच्या बाबतीत आपल्याकडे एक जुना गैरसमज अजून टिकून आहे, आणि त्याला एक कारणही आहे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाची ती अट राहिली नाही. त्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, यावरचा घोळ सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२०मध्ये मिटवला. वडील हयात असण्याची गरज नाही. मुलीचा हक्क जन्माने आहे. २० डिसेंबर २००४पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या सुरक्षित राहिल्या. पण गावात मनात बसलेला नियम अजून १९९४चाच आहे: ‘तिचं लग्न आधी झालंय, तिचा संबंध नाही.’ या एका वाक्यावर आजही दावे दाखल होतात आणि पुढे अडकतात. मला याचा मनापासून राग येतो. बहिणीचा हक्क तर डावलला जातोच, शिवाय ज्या भावाला खरोखर न्याय हवा असतो त्याची वर्षंही फुकट जातात.

राहिलेलं नाव आत आणायचा दरवाजा म्हणजे आदेश १, नियम १०. वकील मंडळी ‘ऑर्डर वन रूल टेन’ म्हणतात. वादी अर्ज देऊ शकतो, प्रतिवादी देऊ शकतो, बाहेरचा माणूस स्वतः येऊ शकतो आणि कोणी अर्ज न देताही न्यायालय आपणहून नाव घालू शकतं. दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर. इतका रुंद दरवाजा ठेवला तर कोणीही आत शिरेल, ही भीतीही रास्त आहे. कारण दाव्याचा धनी वादी असतो. कोणाशी लढायचं हे त्याने ठरवायचं. नको असलेल्या माणसाशी त्याला जबरदस्तीने का लढवायचं?

या ओढाताणीतला गाजलेला खटला हैदराबादचा आहे. निजाम मीर उस्मान अली खान यांचे दुसरे चिरंजीव मुअज्जम जाह यांच्यावर रझिया बेगम यांनी दावा लावला: मी यांची कायदेशीर पत्नी आहे असं जाहीर करा आणि ठरल्याप्रमाणे दरमहा दोन हजार रुपये खर्च-ए-पानदान, म्हणजे पत्नीच्या वैयक्तिक खर्चाची रक्कम, द्या. प्रतिवादीने काय करावं? त्यांनी लगेच कैफियत देऊन सगळं कबूल केलं. वादी मागतोय, प्रतिवादी देतोय, वाद उरलाच कुठे? तेवढ्यात त्यांची दुसरी पत्नी आणि तिचा अल्पवयीन मुलगा दारात उभे राहिले. हे लग्न झालेलंच नाही, दोघांनी संगनमताने दावा चालवलाय, आम्हालाही ऐका, असं त्यांचं म्हणणं होतं. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्यांना आत घेतलं. कारण लग्नाचं नातं एकदा जाहीर झालं की त्याचा परिणाम वारसांवर, पुढच्या पिढ्यांवर होतो. जिथे दोन्ही बाजू एकमेकांशी सहमत असतात, तिथे तिसऱ्याची गरज सर्वांत जास्त असते, हे या खटल्यातून मला सर्वांत लख्ख दिसतं. आपल्याकडच्या ‘तडजोडीने’ निकाली निघालेल्या वाटपाच्या दाव्यांना हेच लागू पडतं. दोन भावांनी समजुतीने सही केली, न्यायालयाने हुकूमनामा दिला, आणि बहीण कुठेच नाही.

दरवाजा बंद झाल्याचं उदाहरण मुंबईचं आहे. एका पेट्रोल पंपाच्या चालकाला महापालिकेने अनधिकृत बांधकामाची नोटीस दिली. त्याने महापालिकेवर दावा केला. पंपाची जागा तेल कंपनीकडे भाडेपट्ट्याने होती, म्हणून हिंदुस्थान पेट्रोलियम म्हणाली, आम्हालाही यात घ्या. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. वाद नोटिशीचा होता, जागेच्या हक्काचा नव्हता. निकालात नुसता रस असणं, आपल्याकडे काही पुरावा असणं किंवा धंद्यावर परिणाम होणं पुरेसं नाही. निकालाने त्या माणसाचा कायदेशीर हक्क थेट बांधला जायला हवा. २००५ साली साठेखताच्या दाव्यांबद्दलही न्यायालयाने असंच सांगितलं. मालकाने जमीन विकायचा करार केला आणि आता खरेदीखत करून देत नाही म्हणून दावा सुरू आहे. तिथे तिसरा येऊन ‘जमीन माझीच’ म्हणू लागला तर त्याला तिथे जागा नाही, त्याने आपला वेगळा दावा लावावा. करारानंतर मालकाकडून ती जमीन विकत घेतलेला माणूस मात्र, त्याला करार माहीत असो वा नसो, पक्षकार हवाच.

आणखी एक वाट आहे, आणि ती वाटपाच्या भांडणापेक्षा शहरात जास्त कामाची आहे. समजा, सोसायटीच्या लिफ्टमध्ये कोणाला इजा झाली आणि त्याने सोसायटीवर भरपाईचा दावा केला. देखभालीचं कंत्राट असलेल्या कंपनीने ‘आमच्या चुकीने नुकसान झालं तर आम्ही भरून देऊ’ असं लिहून दिलेलं आहे. सोसायटीने आधी हरायचं, पैसे भरायचे आणि मग कंपनीवर दुसरा दावा लावायचा का? मूळ संहितेत यावर नीट उत्तर नव्हतं. पण उच्च न्यायालयांना प्रक्रियेचे नियम बदलायचा अधिकार आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो वापरून त्रयस्थ पक्षकाराच्या नोटिशीची सोय, आदेश ८-अ, घातली. प्रतिवादीच परवानगी घेऊन तिसऱ्याला बोलावतो आणि त्याच दाव्यात आपापसातल्या जबाबदारीचा निकाल मागतो. नोटीस मिळालेल्या माणसाने ‘मूळ दावा माझ्यावर नाही’ म्हणून ती कपाटात ठेवून देऊ नये. हजर न राहिल्यास जबाबदारी मान्य केल्यासारखं धरलं जातं.

उशिराचा हिशेबही मोठा आहे. १९६३च्या मुदत कायद्यातल्या कलम २१ प्रमाणे नव्याने घातलेल्या पक्षकाराविरुद्ध दावा त्याचं नाव आलं त्या दिवशीच दाखल झाला, असं धरतात. पैशाच्या किंवा साठेखताच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची असते; चौथ्या वर्षी नाव घातलं तर त्याच्याविरुद्धचा दावा मुदतबाह्य ठरू शकतो. नाव प्रामाणिक चुकीने राहिलं होतं हे पटवता आलं, तरच न्यायालय आधीची तारीख धरू शकतं. नाव राहिल्याची हरकतही पहिल्या संधीलाच घ्यावी लागते.

आता त्या बहिणीकडे परत येऊ. आपल्या मिळकतीवर दावा चालू आहे हे तिला कळणार कसं? समन्स तर तिच्या नावाने निघालेलंच नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने प्रकरण शोधता येतं, पण तिथे स्वतःचं नाव घालून काहीच सापडणार नाही. भावाचं नाव घालावं लागतं, नाहीतर वडिलांचं, जिल्हा आणि तालुक्याचं न्यायालय निवडून. दावा सापडला तर नकलेसाठी अर्ज करायचा. निकाल लागलेला नसेल तर त्रयस्थाला त्यासाठी कारण लिहून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. नक्कल हातात आली की वंशावळ वाचायची. पुष्कळदा त्यातही तिचं नाव नसतं. मग शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, जुनं रेशनकार्ड, वडिलांच्या मृत्यूनंतरचा वारस फेरफार, जे मिळेल ते जोडून प्रतिज्ञापत्रासह अर्ज द्यायचा, आणि तो शक्यतो साक्षीपुरावे सुरू होण्याआधीच द्यायचा.