ॲडलेडच्या धावफलकावर कृष्णाकाठ

लोणंद म्हटलं की लोकांना कांद्याचा बाजार आठवतो, नाहीतर माउलींच्या पालखीचा मुक्काम. क्रिकेटच्या नकाशावर आमचं गाव कुठेच नाही. पुणे-मिरज मार्गावरचं एक स्टेशन, एवढीच आमची मिळकत. पण तीच गाडी पुढे सांगलीला जाते, आणि ऑस्ट्रेलियन क्रिकेटच्या आकडेवारीत शिरायला सांगलीइतका सोयीचा दरवाजा मला दुसरा दिसत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्याचं वेळापत्रक आपल्याकडच्या पहाटेला सोयीचं. ॲडलेडला साडेदहाला पहिला चेंडू पडतो तेव्हा इकडे साडेपाच वाजलेले असतात. त्यामुळे आमच्याकडच्या कित्येक पिढ्यांनी ऑस्ट्रेलिया आधी ऐकला, मग पाहिला. चहाच्या टपरीवर गाडीची वाट बघत बसलेल्या माणसालाही ९९.९४ हा आकडा तोंडपाठ असतो. ब्रॅडमनला ओव्हलवर शेवटच्या डावात चार धावा हव्या होत्या, हॉलिसने शून्यावर त्रिफळा उडवला, १४ ऑगस्ट १९४८. हे सगळ्यांना माहीत आहे. त्या सरासरीत आपला वाटा किती, हा हिशेब मात्र फारसं कुणी करत नाही.

तो करून बघण्यासारखा आहे. ब्रॅडमनच्या कसोटीतल्या एकूण धावा ६,९९६. तो बाद झाला ७० वेळा. भारताविरुद्ध तो एकच मालिका खेळला, १९४७-४८ ची. तीत त्याच्या धावा ७१५, बाद फक्त चारदा, सरासरी १७८.७५. ही मालिका वजा केली तर उरतात ६,२८१ धावा आणि ६६ वेळा बाद, म्हणजे सरासरी ९५.१७. जगातल्या सर्वात प्रसिद्ध सरासरीतले जवळजवळ पाच गुण आपल्या गोलंदाजीच्या खात्यावर आहेत. अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट नव्हे, पण हिशेब हिशेब असतो.

खरी गंमत त्या चार वेळांत आहे. ब्रिस्बेनला १८५ वर ब्रॅडमन लाला अमरनाथच्या गोलंदाजीवर स्वयंचित झाला. कसोटीत तो असा बाद झाला तो त्या एकदाच. सिडनीला १३ वर त्रिफळा, गोलंदाज हजारे. मेलबर्नला १३२ वर पायचीत, गोलंदाज फडकर. ॲडलेडला २०१ वर पुन्हा त्रिफळा, गोलंदाज पुन्हा हजारे. विजय हजारे सांगलीत जन्मलेले, ११ मार्च १९१५ चे. दत्तू फडकर कोल्हापूरचे. ब्रॅडमनचे चारपैकी तीन बळी कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यातल्या दोघांनी घेतले, आणि त्यांतला एकही पूर्णवेळ गोलंदाज नव्हता. २०१ धावा दिल्यावर घेतलेल्या बळीची काय किंमत, असं कुणी विचारेल. सिडनीचे १३ लक्षात ठेवा, एवढंच माझं म्हणणं.

त्या दौऱ्याला विजय मर्चंट जाऊ शकले नाहीत, मुश्ताक अली आणि रुसी मोदी गेले नाहीत, फाळणीमुळे फझल महमूद पाकिस्तानात राहिला. उरलेल्यांना घेऊन अमरनाथ ब्रॅडमनच्या संघासमोर उभे राहिले. ब्रिस्बेनला ओल्या खेळपट्टीवर भारत ५८ आणि ९८. पहिल्या डावात टोशॅकने २ धावांत ५ बळी घेतले, हा आकडा छपाईची चूक वाटावा असा आहे. मालिका ४-० ने गेली. सिडनीचा सामना पावसाने वाचवला.

आता २३ जानेवारी १९४८ पासूनच्या ॲडलेड कसोटीकडे येऊ. ॲडलेड ओव्हलचा धावफलक १९११ मध्ये उभा राहिला. आजही तो माणसं आतून हाताने हलवतात, आणि तो आता वारसा म्हणून जपला जातो. ऑस्ट्रेलियाने त्यावर ६७४ लावले: ब्रॅडमन २०१, हॅसेट नाबाद १९८, बार्न्स ११२. भारत ५ बाद १३३ वर अडकला होता, तेव्हा हजारे आणि फडकर यांनी सहाव्या गड्यासाठी १८८ जोडल्या. सांगली ११६, कोल्हापूर १२३. एकूण ३८१, आणि फॉलोऑन.

दुसरा डाव एकेक ओळ करून वाचावा असा. मंकड शून्य. सरवटे ११. अमरनाथ शून्य. हजारे १४५. गुल महंमद ३४. फडकर १४. किशनचंद शून्य. अधिकारी ५१. रांगणेकर शून्य. सेन शून्य. रंगाचारी शून्य. सहा भोपळे, आणि त्यांच्या मधोमध एक १४५. लिंडवॉलच्या नावावर ३८ धावांत ७ बळी. भारताचे दोन्ही डाव मिळून ६५८ धावा, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या एका डावापेक्षा १६ कमी. त्यामुळे निकाल एक डाव आणि १६ धावांनी हार, असा लागला. त्या ६५८ मध्ये हजारेंच्या २६१. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. त्याच मालिकेत आधीच्या मेलबर्न कसोटीत ब्रॅडमनने १३२ आणि नाबाद १२७ केल्या होत्या, आणि त्याच्या साऱ्या कसोटी कारकिर्दीत दोन्ही डावांतलं शतक तेवढं एकदाच. एकाच उन्हाळ्यात दोघांनीही ते साधलं.

दुसऱ्या डावात हजारेंचा वाटा निघतो ५२ टक्क्यांचा. इथे ऑस्ट्रेलियाचं सर्वात जुनं नाणं काढावं लागतं. मार्च १८७७, मेलबर्न, जगातली पहिली कसोटी. चार्ल्स बॅनरमनने संघाच्या २४५ पैकी १६५ धावा केल्या आणि बोट फुटल्यामुळे तो बाहेर गेला. ६७.३ टक्के. दीडशे वर्षं होत आली, पूर्ण झालेल्या डावातला हा वाटा कसोटीत कुणाला ओलांडता आलेला नाही. पहिल्याच कसोटीतला विक्रम अजून उभा आहे. ऑस्ट्रेलियाने तो सामना ४५ धावांनी जिंकला, आणि शंभर वर्षांनी १९७७ मध्ये त्याच मैदानावरची शताब्दी कसोटीही बरोबर ४५ धावांनीच जिंकली. योगायोगाचे आकडे मला फारसे भावत नाहीत, पण यापुढे हात जोडावे लागतात.

बॅनरमनवर ताण करणारा डाव हजारेंच्या खात्यात आहे, फक्त तो कसोटीतला नाही. १९४३-४४ च्या, जमातवार संघांच्या पंचरंगी स्पर्धेत मुंबईच्या ब्रेबर्नवर हिंदू संघाविरुद्ध ‘रेस्ट’ संघाच्या ३८७ पैकी त्यांच्या एकट्याच्या ३०९. जवळजवळ ८० टक्के. भाऊ विवेकबरोबर त्यांनी ३०० धावांची भागी केली, तीत विवेकच्या २१. दुसऱ्या टोकाला नुसतं उभं राहणं हेही काम असतं.

हजारेंचा गुरू ऑस्ट्रेलियन होता, हे सांगलीकरांना तरी माहीत असायला हवं. क्लॅरी ग्रिमेट, मूळचा न्यूझीलंडचा, खेळला साउथ ऑस्ट्रेलियाकडून आणि राहिला ॲडलेडला. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात जतच्या राजांनी त्याला क्रिकेट शिकवायला आणवलं, आणि हजारे त्याच्या हाताखाली गेले. जत, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातलं ते दुष्काळी टोक. तिथे कसोटीत २०० बळींचा टप्पा सर्वात आधी गाठलेला माणूस नेटमध्ये उभा होता. ३७ कसोटींत २१६ बळी. पहिली कसोटी वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, तीत ११ बळी. शेवटची १९३६ ला दरबानमध्ये, तीत १३. इतकं होऊनही १९३८ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी त्याला वगळलं. ३६ कसोटींत २०० बळींचा त्याचा वेग २०१८ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. मग पाकिस्तानच्या यासिर शाहने ३३ कसोटींत तो मोडला. शिष्याने पुढे गुरूच्याच गावच्या मैदानावर दोन शतकं ठोकली, याचा उल्लेख स्मरणिकांत फारसा सापडत नाही.

ऑस्ट्रेलियन संघ १९४७-४८ च्या आधीही इकडे येऊन गेले होते. १९३५-३६ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या पाठबळावर जॅक रायडरचा संघ आला. त्यात एकोणपन्नाशीतला चार्ली मॅकार्टनी होता. अनधिकृत कसोट्या २-२ अशा सुटल्या. १९४५ ला लढाई संपल्यावर हॅसेट आणि मिलर यांचा सैनिकी संघ आला आणि अनधिकृत मालिका १-० ने हरून गेला.

पुन्हा ॲडलेड. मराठी मुलखातल्या खेळाडूंशी या मैदानाचं काही जुनं देणंघेणं असावं असं वाटतं. डिसेंबर १९६७ ला पतौडी जखमी, म्हणून पुण्याच्या चंदू बोर्डेंनी नेतृत्व केलं. कसोटी कर्णधार म्हणून त्यांचा तो एकमेव सामना, आणि तो ॲडलेडला. जानेवारी १९८१ ला संदीप पाटील: आधीच्या सिडनी कसोटीत पॅस्कोचा उसळता चेंडू कानाजवळ बसून कोसळलेला हा माणूस पुढच्याच कसोटीत १७४ करून गेला. ऑस्ट्रेलियातली भारतीयाची सर्वोच्च खेळी म्हणून ती अकरा वर्षं टिकली. १९९२ मध्ये सिडनीला रवी शास्त्रींनी २०६ करून ती मागे टाकली. त्याच सिडनी कसोटीत एका गुबगुबीत लेगस्पिनरने पदार्पण केलं आणि १५० धावा देऊन एकच बळी घेतला, तो शास्त्रींचाच. त्याचं नाव शेन वॉर्न. ॲडलेडला सुनील गावसकरांच्या नाबाद १६६ (१९८५), सचिन तेंडुलकरच्या १५३ (२००८). आणि डिसेंबर २००३: पॉन्टिंग २४२, ऑस्ट्रेलिया ५५६, तरीही सामना भारताचा. घरात मराठी बोलणाऱ्या राहुल द्रविडच्या २३३ आणि नाबाद ७२. दुसऱ्या डावात अजित आगरकर ४१ धावांत ६ बळी. त्याच्या चार वर्षं आधी याच आगरकरने ऑस्ट्रेलियात सलग पाच शून्यं काढली होती, तेव्हा लोकांनी त्याला कमी छळलं नव्हतं.

मग तेच मैदान उलटलं. १९ डिसेंबर २०२०, भारत सर्वबाद ३६. सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या ९. हेझलवूडचे ८ धावांत ५ बळी. आधीचा नीचांक ४२ होता, १९७४ चा लॉर्ड्सचा, अजित वाडेकर कर्णधार असतानाचा. म्हणजे तोवर नीचांकही आपल्याच घरात होता. दहा दिवसांत मेलबर्नला नगर जिल्ह्यात जन्मलेल्या अजिंक्य रहाणेने ११२ केल्या, सामना जिंकला आणि जॉनी मुलाघ पदक मिळवलं. हे पदक पहिल्यांदाच दिलं गेलं. मुलाघ कोण? १८६८ मध्ये इंग्लंडला गेलेल्या आदिवासी संघातला अष्टपैलू, त्या दौऱ्यात १,६९८ धावा आणि २४५ बळी. परदेशी गेलेला पहिला ऑस्ट्रेलियन संघ आदिवासींचा होता, पहिल्या कसोटीच्या नऊ वर्षं आधी. बॅनरमनचं नाव प्रत्येक प्रश्नमंजूषेत असतं, मुलाघचं नसतं. ही निवड आकड्यांची नव्हे, माणसांची आहे.

आपल्या मातीवर ऑस्ट्रेलियनांनी केलेले विक्रम लवकर आवरतो. वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर १६ डिसेंबर १९९७ ला बेलिंडा क्लार्कने डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ केल्या. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक हे, स्त्रीपुरुष दोघांतलंही. तेंडुलकरच्या ग्वाल्हेरच्या द्विशतकाला अजून बारा वर्षं अवकाश होता. आणि फेब्रुवारी २०१७ ला गहुंजे: स्टीव्ह ओकीफ दोन्ही डावांत ३५ धावांत ६. भारत १०५ आणि १०७, हार ३३३ धावांनी. खेळपट्टी फिरकीसाठी आपणच बनवली होती. आपल्या पायावर धोंडा म्हणतात तो हा.

सांगलीचा दुसरा अध्याय माधवनगरचा. स्मृती मानधनाचा जन्म मुंबईचा, पण वाढली, खेळली ती माधवनगरात. वडील आणि भाऊ दोघेही सांगलीकडून जिल्हा पातळीवर खेळलेले. २०१३ मध्ये १९ वर्षांखालच्या सामन्यात महाराष्ट्राकडून तिने नाबाद २२४ केल्या, तेही वडोदऱ्याला, जिथे हजारेंनी उरलेलं आयुष्य काढलं.

ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिची पुंजी मांडू. २०१६, होबार्ट, १०२, तिचं पहिलं एकदिवसीय शतक. २०२१, कॅरारा, गुलाबी चेंडूची कसोटी, १२७: २१६ चेंडू, २२ चौकार, एक षटकार. ऑस्ट्रेलियात कसोटी शतक करणारी ती पहिली भारतीय महिला. डिसेंबर २०२४, पर्थ, १०५, त्या वर्षातलं चौथं एकदिवसीय शतक. सप्टेंबर २०२५, मुल्लांपूर, ११७. तीनच दिवसांनी दिल्लीला ६३ चेंडूंत १२५, शतक पन्नासाव्या चेंडूवर. भारतासाठी एकदिवसीय सामन्यात याहून वेगवान शतक तोवर कोहलीनेही केलं नव्हतं. त्याला जयपूरला ५२ चेंडू लागले होते, तेही ऑस्ट्रेलियाविरुद्धच.

२०२५ अखेरपर्यंतची ही पाच शतकं. निकाल बघा: होबार्ट हार, कॅरारा अनिर्णित, पर्थ हार, मुल्लांपूर जीत, दिल्ली हार. दिल्लीत समोर ४१२ होत्या, ३६९ करूनही पुरल्या नाहीत. एकच जीत, पण ती १०२ धावांची, ऑस्ट्रेलियन महिला संघाची धावांच्या फरकाने एकदिवसीय सामन्यातली सर्वात मोठी हार. हजारेंची दोन्ही शतकंही हरलेल्या सामन्यातली. सांगलीची ऑस्ट्रेलियाविरुद्धची सात शतकं आणि विजय एक. म्हणून ती शतकं वाया गेली, असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याला फक्त ॲडलेडच्या दुसऱ्या डावातली ती यादी पुन्हा वाचायला सांगतो.

एक कडू गोष्ट सांगायची राहिली. ‘सांगलीचे सुपुत्र’ म्हणून आपण हजारेंचा फोटो लावतो, पण त्यांची कारकीर्द देवास, महाराष्ट्र आणि बडोदा यांनी घडवली. बॅनरमनच्या डावाचा मागोवा ऑस्ट्रेलियात मिळतो. आपल्याकडे मात्र संस्थानी काळातल्या जत, सांगली, फलटण, सातारा इथल्या सामन्यांचे धावफलक बहुतेक घरांच्या माळ्यावर, नाहीतर रद्दीत. सातारा-सांगलीच्या कुठल्याही वाचकाच्या घरी जुनी स्कोअरबुकं असतील, आजोबांनी शाळेच्या वहीत उतरवलेले सामने असतील, तर या दिवाळीच्या साफसफाईत ती टाकू नका. जवळच्या वाचनालयात नेऊन द्या आणि नोंद करून पावती घ्या.