विश्लेषण : नकोशी झालेली हॉलिडे मेंबरशिप विकता येते का?

मॉलमध्ये भरलेले लकी ड्रॉचे कूपन, मग ‘तुम्हाला बक्षीस लागले आहे’ असा फोन, पती-पत्नी दोघांनी यायचे ही अट, हॉटेलातले दोन तासांचे प्रेझेंटेशन आणि ‘ही किंमत फक्त आजच’ म्हणून तिथेच स्वाइप झालेले कार्ड. टाइमशेअर किंवा हॉलिडे मेंबरशिप अनेक घरांत अशीच आली. पुढे मुले परगावी गेली, प्रवास झेपेनासा झाला, सुट्टीच्या दिवसांत बुकिंग मिळेना. वार्षिक शुल्काचे बिल मात्र न चुकता येते. ही मेंबरशिप विकता येते का? आणि विकताना पुन्हा खिसा रिकामा होऊ नये म्हणून काय करावे?

विकायला नेमके काय असते?

भारतातील बहुतेक योजनांत सदस्याला खोलीची मालकी मिळत नाही. मिळतो तो वर्षातून ठरावीक दिवस रिसॉर्ट वापरण्याचा हक्क, तोही ठरावीक वर्षांपुरता. २५ वर्षांच्या योजना सर्रास दिसतात. ना सातबारा, ना खरेदीखत. त्यामुळे फ्लॅटसारखा तिचा भाव चढत नाही. दरवर्षी तिचे एक वर्ष कमी होते. मूळ किमतीत कंपनीचा विक्री आणि जाहिरातीचा खर्चही धरलेला असतो. तो दुसरा ग्राहक देत नाही.

किती पैसे मिळतील?

मूळ रकमेच्या खूपच कमी, अनेकदा जवळपास काहीच नाही. पण हिशेब वेगळ्या बाजूने मांडायला हवा. समजा, १६ वर्षे शिल्लक आहेत, यंदाचे वार्षिक शुल्क २० हजार रुपये आहे आणि ते दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढते. तर उरलेल्या काळात सुमारे ५ लाख १३ हजार रुपये भरावे लागतील. म्हणजे मेंबरशिप फुकट दिली तरी एवढा खर्च टळतो. भरलेले ४ लाख परत कसे मिळतील, यापेक्षा पुढचे ५ लाख कसे वाचतील, हा खरा प्रश्न आहे.

रीतसर विक्री कशी होते?

आधी करारातील हस्तांतरणाचे कलम वाचा. साधारणपणे कंपनीची परवानगी, थकबाकी शून्य आणि हस्तांतरण शुल्क या अटी असतात. नव्या सदस्याला फक्त उरलेली वर्षे मिळतात. काही सवलती त्याच्याकडे जातात की नाही, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. ग्राहक शोधताना नातेवाईक, सहकारी, सोसायटीतील ओळखीचे यांच्यापासून सुरुवात करा. पैसे खात्यात जमा झाल्यावरच हस्तांतरणाच्या कागदांवर सही करा आणि नाव बदलल्याचे पत्र जपून ठेवा. त्याच वेळी कंपनीला मेंबरशिप परत घेण्याबाबतही लेखी विचारा.

फसवणूक कुठे होते?

‘तुमच्या मेंबरशिपला ६ लाखांचे गिऱ्हाईक तयार आहे,’ असा फोन येतो. समोरच्याला सदस्य क्रमांकही माहीत असतो, म्हणून विश्वास बसतो. मग आधी नोंदणी शुल्क, नंतर जीएसटी, एनओसी, मुद्रांक शुल्क अशी मागणी वाढत जाते. गिऱ्हाईक कधीच येत नाही. दुसरा प्रकार म्हणजे ‘जुनी घेतो, वर थोडे भरून नवी घ्या’. यात सुटका होत नाही, बोजा वाढतो.

हा प्रकार जगभर चालतो. मेक्सिकोतील टाइमशेअर फसवणुकीत २०१९ ते २०२३ या काळात सुमारे ६ हजार अमेरिकी नागरिकांनी जवळपास ३० कोटी डॉलर गमावल्याच्या तक्रारी एफबीआयकडे आल्या. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमांनुसार पुनर्विक्री पूर्ण होण्याआधी मध्यस्थाला पैसे घेण्यासच मनाई आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून हाच नियम स्वतःपुरता पाळा : विक्रीआधी कोणालाही एक रुपयाही नाही. ओटीपी देऊ नका, स्क्रीन शेअर करू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

नुकतीच मेंबरशिप घेतली असेल तर?

घाई करा. ‘ऑल इंडिया रिसॉर्ट डेव्हलपमेंट असोसिएशन’च्या आचारसंहितेत सदस्य कंपन्यांच्या ग्राहकांसाठी करार रद्द करण्याची १० दिवसांची मुदत आहे. तुमच्या करारात किती दिवस आहेत ते पाहा आणि त्या मुदतीत ईमेल व रजिस्टर्ड पोस्टाने कळवा. फोनवर सांगणे पुरेसे नाही.

शुल्क भरणे थांबवले तर?

केवळ पैसे न भरल्याने करार संपतोच असे नाही. बुकिंग बंद होते आणि करारानुसार थकबाकीवर व्याज लागू शकते. मेंबरशिप कर्जावर घेतली असेल तर हप्ता थांबवू नका. बँकेशी केलेला करार वेगळा असतो आणि हप्ता चुकला की सिबिल स्कोअर घसरतो.

कंपनी दाद देत नसेल तर?

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आश्वासने खोटी निघाली किंवा बुकिंग सतत नाकारले गेले तर ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचे कार्यालय दुसऱ्या राज्यात असले तरीही. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी नाही. करारच अन्यायकारक असल्याचा दावा असेल तर मात्र राज्य आयोगाकडे जावे लागते. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत २ वर्षांची आहे. त्यामुळे नाकारलेल्या बुकिंगचे स्क्रीनशॉट, ईमेल, पावत्या आणि प्रेझेंटेशनच्या वेळी दिलेले माहितीपत्रक आजच एका फोल्डरमध्ये ठेवा.